‘घाशीराम कोतवाल’ आणि पुण्याचा प्रेक्षक

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे संगीत-नृत्यप्रधान नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातील हौशी संस्थेने १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम रंगमंचावर आणले, तेव्हा प्रेक्षकांसमोर संगीत नाटकाची परिचित मांडणी नव्हती. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात नेपथ्याची जागा ‘मानवी पडद्या’ने, म्हणजे ओळीने उभे राहून गाणाऱ्या-डोलणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेने घेतली होती, ही रांग पाठ फिरवताच भिंत होई आणि तिच्याआडची कृत्ये प्रेक्षकाला अर्धवटच दिसत. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात कीर्तन आणि लावणी शेजारी-शेजारी येत असल्याने भक्ती व विलास यांतील अंतर ऐकता ऐकताच मिटत असे, आणि कथेतील क्रौर्य या गोडव्यामुळेच अधिक बोचत असे.

या प्रयोगाने प्रेक्षक दुभंगला. एका वर्गाला त्यात रंगभाषेचा नवा शोध दिसला, तर दुसऱ्याला पेशवाईतील कारभारी नाना फडणवीस यांची व ब्राह्मण समाजाची बदनामी. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीरामसारखा कोतवाल, म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा निरंकुश अधिकारी, कसा घडवते आणि मग त्याचाच बळी कसा देते, हा लेखकाचा विषय या वादात मागे पडला. विरोधामुळे संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले. पुढे या नाटकाच्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आणले.