स्थाननिर्देशन, हौशी रेडिओवरील

परवानाधारक हौशी रेडिओ केंद्राने आपले अक्षांश-रेखांश ठराविक काळाने प्रक्षेपित करावयाचे व इतर केंद्रांनी ते ग्रहण करून संगणकाच्या नकाशावर दाखवावयाचे, अशी ही पद्धती आहे. केंद्र फिरते असल्यास त्याची दिशा व वेगही कळविला जातो. अमेरिकेत विकसित झालेली एपीआरएस ही प्रणाली या पद्धतीचे सर्वांत प्रसृत रूप होय.

इतिहास : पूर्वी केंद्राचे स्थान तोंडी किंवा मोर्स संकेतांनी कळविले जाई व ऐकणारा ते हाताने नकाशावर नोंदवी. १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथील हौशींनी माहितीचे लहान खंड (पॅकेट) करून ते रेडिओवरून पाठविण्याचे प्रयोग केले. या तंत्रासाठी पुढे एएक्स.२५ ही नियमावली रूढ झाली. अमेरिकेतील हौशी व अभियंते बॉब ब्रुनिंगा (मृत्यू २०२२) यांनी १९८२ मध्ये ॲपल संगणकावर नौदलाच्या स्थानवार्ता नकाशावर दाखविणारा कार्यक्रम लिहिला. १९८४ मध्ये १०० मैलांच्या (सुमारे १६१ किमी.) घोडदौडीतील घोड्यांची स्थाने कळविण्यासाठी त्यांनी अशीच योजना वापरली. १९९२ मध्ये ही प्रणाली हौशींसमोर जाहीरपणे मांडण्यात आली व २००० मध्ये तिची प्रमाणित नियमावली प्रसिद्ध झाली.

कार्यपद्धती : नेहमीच्या पॅकेट संदेशवहनात दोन केंद्रे प्रथम परस्परांशी जोडली जातात व प्रत्येक खंडाची पोच दिली जाते. स्थानवार्तेला अशी जोडणी नसते. ती एकाच वेळी सर्वांसाठी प्रक्षेपित होते. हुकलेली वार्ता पुढच्या प्रक्षेपणात भरून निघते. उत्तर अमेरिकेत १४४·३९ व यूरोपात १४४·८०० मेगॅहर्ट्‌झ ही कंप्रता त्यासाठी ठरलेली असून वेग सामान्यतः सेकंदाला १,२०० बिट असतो. नेहमीच्या वार्तेत स्थान मिनिटाच्या शतांशापर्यंत दिले जाते. अक्षांशाच्या बाबतीत हे अंतर सुमारे १८·५ मी. भरते. उंचावरील पुनःप्रेषक केंद्रे वार्ता दूरवर पोहोचवितात. सर्व केंद्रांना एकच कंप्रता वाटून घ्यावी लागत असल्याने अनावश्यक पुनःप्रेषणामुळे वार्ता एकमेकींवर आदळून नष्ट होतात. म्हणून पुनःप्रेषणांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते.

उपग्रहांवर आधारित जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीचे (जीपीएस) ग्राही स्वस्त झाल्यावर वाहनांचा माग काढणे हाच एपीआरएसचा मुख्य उपयोग मानला जाऊ लागला. ब्रुनिंगा यांना हे मान्य नव्हते. परिसरातील केंद्रे, हवामान, घटना व संदेश यांची ताजी माहिती सर्वांना एकाच वेळी मिळावी, हा त्यांचा मूळ हेतू होता. म्हणूनच नावातील ‘पोझिशन’ या शब्दाच्या जागी पुढे ‘पॅकेट’ हा शब्द आला.

उपग्रहांद्वारेही अशा वार्ता पाठविता येतात. २००१ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीचा पीसीसॅट उपग्रह या कामासाठी सोडण्यात आला. २०१५ मध्ये भारताच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाने श्रीहरिकोटा येथून कक्षेत नेलेल्या इंडोनेशियाच्या लापान-ए२ उपग्रहावरही एपीआरएस पुनःप्रेषक होता.

महत्त्व व मर्यादा : पूर, वादळ किंवा शोधमोहीम अशा प्रसंगी दूरध्वनी बंद पडले, तरी विद्युत् घटावर चालणारी केंद्रे परस्परांची स्थाने पाहू शकतात आणि जवळचे पथक कोणते, हे विचारण्यात वेळ जात नाही. मात्र हौशी रेडिओवर अर्थ लपविणारी सांकेतिक भाषा वापरण्यास मनाई असल्याने ही वार्ता कोणालाही वाचता येते. मदतीला येणाऱ्यास जे स्थान कळते, तेच अपरिचितासही कळते. त्यामुळे स्थान केव्हा प्रक्षेपित करावे व केव्हा थांबवावे, याचा निर्णय केंद्रचालकालाच घ्यावा लागतो.