मालक बदलला, परवानगी गेली

परवा शुक्रवारी संध्याकाळी (तिकिटं नेमकी तेव्हाच येतात!) एका सेल्सवाल्याची तक्रार आली. कालपर्यंत दिसणारं ग्राहकाचं रेकॉर्ड आज दिसत नाही. आमचा तपासाचा क्रम ठरलेला. रेकॉर्ड आहे का? आहे. युजरला त्या टेबलाची परवानगी? आहे. मग हे एवढं एकच रेकॉर्ड त्याला आधी कशामुळे दिसत होतं? तर ते कुणीतरी हाताने शेअर केलं होतं, आणि गुरुवारी त्याचा ओनर बदलला. सेल्सफोर्समध्ये ओनर बदलला की हाताने दिलेलं शेअरिंग आपोआप पुसलं जातं.

हे निस्तरता निस्तरता सिहोरा आठवलं. भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं गाव. माझे काका तिथे राहतात. जवळच चांदपूरचा मोठा तलाव आहे, आणि एकूण जिल्ह्यातच मामा तलाव भरपूर. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी :-)

१८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमाबंदी केली तेव्हा गावाची मालकी मालगुजारांना दिली. तलाव, पडीक जमीन, झाडोरा, सगळं त्यात आलं. पण गुरं चारणं, सरपण आणणं, मुरूम नेणं हे गावकऱ्यांचं चालूच होतं. त्याला तिकडे निस्तार म्हणतात. गावच्या अशा रूढी जमाबंदीच्या कागदांत लिहून ठेवत, त्या कागदाचं नाव वाजिब-उल-अर्ज. म्हणजे मालक कोण हे एका कागदावर, आणि त्याच्या मालकीच्या वस्तूवर इतरांचा हक्क काय हे दुसऱ्यावर. आमच्या भाषेत शेअरिंग टेबल!

मग आला ३१ मार्च १९५१. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि घरची शेती वगैरे सोडून मालगुजारांचे हक्क एका तारखेला सरकारजमा झाले. शेकडो गावांचा ओनर एका दिवसात बदलला! आम्ही दोनशे रेकॉर्डं हलवायची तरी आधी तीनदा मीटिंग घेतो. मालगुजाराच्या तोंडी परवानगीला आता काय किंमत? लिहिलेलं तेवढंच टिकणार.

पुढे विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हे दुसरं टेबल टाकून दिलं नाही, हे मला फार आवडलं. कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आहे. त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं, मगच पक्का करायचा. (आमच्या अ‍ॅडमिनला कुणीतरी हे वाचून दाखवा.) कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. सरकारी नसलेल्या जमिनीतून वा पाण्यातून ओलिताचा, वाटेचा, मासेमारीचा रूढीने चालत आलेला हक्क त्यात नोंदवायचा.

आता काकांचं. त्यांच्या बांधीला पाणी शेजारच्या शेतातल्या पाटाने येतं. ते शेत विकलं गेलं, नव्या मालकाने पाट बुजवला. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो काकांनी लगेच काढला. इतर हक्कांचा रकाना कोरा. "सातबाऱ्यावर नाही म्हणजे हक्कच नाही," असं त्यांना एका जाणत्याने सांगितलं, आणि काका गप्प बसले.

मी फोनवर म्हटलं, "काका, तुम्ही मालकाच्या टेबलात शोधताय. आपल्या गावच्या वाजिब-उल-अर्जची नक्कल मागा."

अर्ज दिलाय. पऱ्हे टाकून झालेत, रोवणी तोंडावर आलीय, आणि नक्कल अजून मिळायचीय.