इंधन पंपाच्या सर्किटमधील विद्युत दोषनिदान

मोटारगाडीच्या टाकीतील विद्युत इंधन पंपाला बॅटरीपासून वीज पोचवणाऱ्या आणि ती योग्य वेळी चालू-बंद करणाऱ्या सर्किटमध्ये बिघाड नेमका कुठे आहे, हे मोजमाप करून ठरवण्याची पद्धत. सेल्फ मारल्यावर एंजिन फिरते पण पकडत नाही, चढावर गाडी झटके खाते, तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते, ही अशा बिघाडाची नेहमीची लक्षणे. पंप निकामी झाला तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून पुष्कळदा वायरिंग न पाहता पंपच बदलला जातो आणि नवा पंपही जुन्यासारखाच अशक्त चालतो. पंपाला पुरेशी वीज मिळते का, हे पंप चालू असतानाच मोजणे हा या निदानाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका : कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा यांत्रिक पंप पुरत असे, त्याचा दाब अर्ध्या बारपेक्षाही कमी असतो. इंजेक्टरला मात्र स्थिर आणि मोठा दाब लागतो. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली, तेव्हा तिच्यासोबत विद्युत पंपही आला. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो टाकीतच बुडवलेला असतो आणि साधारण 3 ते 4 बार दाब देतो. भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यावर दुचाक्यांतही इंजेक्शन आणि विद्युत पंप सर्रास झाले.

सर्किटची रचना : सर्किटचे दोन भाग असतात. मुख्य भागात बॅटरीचा प्रवाह फ्यूज आणि रिलेच्या संपर्कांतून टाकीवरच्या कपलरपर्यंत, तेथून पंपाच्या मोटरमध्ये आणि शेवटी बॉडी अर्थमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या मार्गाने साधारण 4 ते 8 अँपिअर प्रवाह वाहतो. नियंत्रण भागात रिलेचे वेटोळे असते. त्याला अवघे 0.1 ते 0.2 अँपिअर पुरतात आणि त्याचे एक टोक बहुधा एंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, अर्थला जोडतो. रिलेवर 30 आणि 87 हे आकडे मुख्य संपर्कांचे, तर 85 आणि 86 वेटोळ्याचे असतात.

चावी फिरवताच ईसीएम पंप दोन-तीन सेकंद चालवून लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबवतो. एंजिन फिरत असल्याचा संकेत क्रँक सेन्सरकडून आला, तरच पंप पुढे चालू राहतो. अपघातात इंधनाची नळी फुटली आणि एंजिन थांबले, तर पंपही थांबावा यासाठी ही योजना असते. काही गाड्यांत धक्क्याने उघडणारा निराळा इनर्शिया स्विचही असतो; त्याचे बटण दाबून पूर्ववत केल्याशिवाय पंप चालत नाही.

दोषांचे प्रकार : (1) मार्ग तुटणे : वायर तुटणे, पिन निसटणे किंवा रिलेचे संपर्क न जुळणे, पंप मुळीच चालत नाही. (2) शॉर्ट : धन वायरीचे आवरण घासून ती बॉडीला टेकते आणि फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. 15 अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी निळाच फ्यूज हवा. (3) वाढीव रोध : गंजलेली पिन, सैल बोल्ट किंवा बरेच तंतू तुटलेली वायर. पंप चालतो, पण मंद. (4) अधूनमधून येणारा दोष : उष्णता, हादरे किंवा ओल यांमुळे उद्भवणारा आणि तपासताना हमखास दडी मारणारा.

तपासणीचा क्रम : पहिले साधन कान. मागच्या सीटखाली किंवा टाकीजवळ कान देऊन साथीदाराला चावी फिरवायला सांगावी. दोन सेकंद बारीक घरघर ऐकू आली, तर सर्किट निदान जोडलेले आहे. काहीच ऐकू आले नाही, तर आधी बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. मग फ्यूज आणि त्यानंतर रिले पाहावा.

रिले काढून त्याच्या सॉकेटमधील 30 आणि 87 ही घरे फ्यूज असलेल्या जोडवायरीने जोडली, की तपासणीला फाटा फुटतो. पंप चालला, तर दोष रिलेत किंवा नियंत्रण भागात. नाही चालला, तर 30 क्रमांकाच्या घरात बॅटरीची वीज येते की नाही ते पाहावे. ती येत असेल, तर दोष पुढची वायर, अर्थ किंवा पंप यांत. या एका चाचणीने निम्मे सर्किट संशयातून मुक्त होते.

भाराखाली मोजमाप : पंपाचा कपलर सोडवून त्याच्या वायरींवर मल्टिमीटर लावला आणि 12 व्होल्ट दिसले, म्हणून वीज पोचते असे समजणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो आणि तो नगण्य प्रवाह ओढतो. वायरीचा एकच तंतू शाबूत असला, तरी तेवढा प्रवाह सहज जातो आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंपाने 5 अँपिअर मागताच तोच तंतू हार खातो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून, पंप चालू असताना वाचन घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. पंप चालू असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट आणि पंपाच्या दोन पिनांवर 9.4 व्होल्ट आहेत, म्हणजे 3 व्होल्ट वाटेत हरवले. बॅटरीचे धन टोक आणि पंपाची धन पिन यांच्यामध्ये मीटर लावल्यावर 0.3 व्होल्ट मिळतात. पंपाची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मात्र 2.7 व्होल्ट. दोष अर्थच्या बाजूला आहे, हे दोन वाचनांत सिद्ध झाले. प्रवाह 5 अँपिअर असेल, तर तेथील रोध फक्त 0.54 ओहम; मीटरच्या वायरींचा रोधही जवळपास तेवढाच भरू शकतो, म्हणून ओहमच्या मापावर हा दोष सहज निसटतो. पण त्या सांध्यावर 13.5 वॅट वीज उष्णता होऊन वाया जाते आणि सांधा हाताला गरम लागतो. बोल्ट काढला, की चकतीखाली गंज आणि रंगाचा थर सापडतो. तो घासून धातू उघडा करावा आणि बोल्ट आवळावा. प्रत्येक बाजूला घट 0.2 व्होल्टच्या आसपास असावी, 0.5 व्होल्टच्या पुढे गेली, की शोध घ्यावाच.

नियंत्रण भाग : चावी चालू केल्यावर रिलेच्या वेटोळ्याच्या एका पिनेवर बॅटरीचे व्होल्टेज हवे आणि त्या दोन-तीन सेकंदांत दुसरी पिन शून्याजवळ उतरायला हवी. ती उतरत नसेल, तर ईसीएमचा पुरवठा, त्याचा अर्थ आणि वायर तपासावी. ईसीएमला दोष देण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. चावी फिरवल्यावर पंप वाजतो पण सेल्फ मारताना चालत नाही, अशा वेळी स्कॅनरवर एंजिनचे फेरे पाहावेत. शून्य दिसले, तर संशय क्रँक सेन्सरवर जातो. पी0230 हा कोड पंपाच्या नियंत्रण सर्किटकडे, तर पी0231 आणि पी0232 मुख्य सर्किटमधील कमी आणि जास्त व्होल्टेजकडे बोट दाखवतात. कोड सर्किटचे नाव सांगतो, खराब झालेल्या भागाचे नाही. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग स्वतंत्र मॉड्यूल तुटक स्पंदांनी कमी-जास्त करते. तेथे साधा मीटर केवळ सरासरी दाखवतो आणि ऑसिलोस्कोप लागतो.

प्रवाहाची भाषा : क्लँप मीटरने पंपाचा प्रवाह टाकी न उघडता मोजता येतो. प्रवाह नेहमीपेक्षा जास्त असेल, तर पंप जड झालेला किंवा फिल्टर तुंबलेला असण्याचा संभव. कमी असेल, तर सर्किटमध्ये रोध, घासलेले ब्रश किंवा रिकामी टाकी. ब्रशच्या पंपाचा प्रवाह ऑसिलोस्कोपवर पाहिला, तर कम्युटेटरच्या प्रत्येक पट्टीचा एकेक उंचवटा दिसतो. आठ पट्ट्यांच्या पंपात आठ उंचवट्यांना 10 मिलिसेकंद लागले, तर वेग मिनिटाला 6,000 फेरे. प्रत्येक आठवा उंचवटा खचलेला दिसला, तर ती पट्टी जळाली आहे. असा पंप आज चालला तरी नेमका त्या पट्टीवर थांबला, की पुन्हा उठत नाही.

भारतीय परिस्थिती : पावसाळ्यात फ्लोअरवर पाणी साचून कपलरच्या पिना हिरव्या पडतात. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. बाहेरून बसवलेला अलार्म आणि सीएनजी किट यांच्यासाठी मूळ वायरिंग कापून दिलेले जोड पुढे सैल होतात, म्हणून तपासणी अशा जोडांपासून सुरू करणे फायद्याचे. काही किटमध्ये गाडी सीएनजीवर असतानाही पेट्रोल पंप फिरत राहतो. टाकी जवळजवळ रिकामी ठेवली, तर तो तापून लवकर झिजतो.

सुरक्षितता : उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. टाकी किंवा नळी उघडण्यापूर्वी लाइनमधला दाब उतरवावा आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. काम मोकळ्या हवेत, अग्निशामक जवळ ठेवून करावे. पंप टाकीबाहेर काढून कोरडा चालवून पाहू नये. ब्रशची ठिणगी पेट्रोलमध्ये बुडालेली असताना निरुपद्रवी असते, वाफ आणि हवा यांच्या मिश्रणात ती जीवघेणी ठरते.

दुरुस्तीची खातरजमा : गाडी चालू झाली म्हणजे निदान बरोबर ठरले असे नाही, कपलर हलवल्यानेही ती तात्पुरती चालू होते. ज्या दोन बिंदूंमध्ये घट सापडली, त्याच बिंदूंवर पंप चालू ठेवून पुन्हा मोजावे. आधीचे आणि नंतरचे वाचन गाडीच्या जॉबकार्डवर लिहावे. ते दोन आकडे गाडीच्या मालकाला केलेल्या कामाचा पुरावा देतात, आणि पुढे तीच तक्रार आली, तर कोणता सांधा पुन्हा तपासायला नको हे मेकॅनिकला सांगतात.