भरती सुरू आहे : भायखळ्याच्या तुरुंगापासून आजच्या औषध-चाचण्यांपर्यंत

आज सुरुवात एका रुक्ष सरकारी रकान्यापासून करू.

आपल्या देशात माणसांवर होणाऱ्या औषध-चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. तिचं नाव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, आयसीएमआरची, एक संस्था ती सांभाळते. २००७ साली ती सुरू झाली. ती इंटरनेटवर आहे आणि कोणालाही फुकट बघता येते. मधुमेह, स्तनाचा कर्करोग, क्षयरोग, सोरायसिस, गुडघेदुखी, कुठलाही आजार घाला, चाचण्यांची यादी समोर येते. प्रत्येक नोंदीत एक रकाना असतो, रुग्णांची भरती कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारा. अजून सुरू नाही, सुरू आहे, किंवा बंद झाली.

'भरती सुरू आहे.' पोलीस भरती, तलाठी भरती आपल्याला माहीत आहे. ही भरती वेगळी. इथे उमेदवाराकडून त्याचं शरीर काही काळासाठी मागितलं जातं, आणि बदल्यात नक्की काय मिळेल हे मागणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर चाचणीची गरजच नव्हती.

आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे : या रांगेत कोण उभं राहिलं, आणि त्यांना कोणी, कसं उभं केलं? या इतिहासाचा एक मोठा तुकडा आपल्या मुंबईतच घडलेला आहे.

१८९६ चा सप्टेंबर. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस मांडवी भागात रुग्ण तपासत होते. ताप, जांघेत गाठ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हा प्लेग आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारने घरं तपासायला, रुग्ण उचलून न्यायला, निरोग्यांना वेगळं ठेवायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या शेवटी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, कारण इस्पितळ म्हणजे मरायची जागा अशी लोकांची खात्री झाली होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. हा काळ डोळ्यांसमोर ठेवा, कारण आपली गोष्ट याच काळात घडते.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केलेलं, कॉलऱ्याच्या लशीसाठी ते भारतात आलेले. सरकारने त्यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा मिळाली आणि तिथे त्यांनी काम मांडलं. प्लेगचे जंतू रश्शात वाढवायचे आणि मग उष्णतेने मारायचे. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा, म्हणजे गाय-डुकराचा प्रश्नच नको. जंतू वाढायला आधार म्हणून वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. हो, आपलं साजूक तूप! १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली, तीही भरपूर मोठ्या मात्रेत. ताप आला, अंग दुखलं, आणि उतरलं.

पण एका माणसाला ताप येऊन उतरला, यावरून लस प्लेग थोपवते हे ठरत नाही. त्यासाठी अशी जागा हवी जिथे माणसं एकाच छताखाली राहतात, एकच अन्न खातात, आणि प्लेग आलेला आहे. अशी जागा मिळाली भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे प्लेग शिरला. ३० जानेवारीला कैद्यांना विचारण्यात आलं, आणि साधारण निम्मे कैदी पुढे आले. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले, सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, आणि दोघेही वाचले.

आता इथे थांबायला हवं. कैदी 'पुढे आले' म्हणजे काय? ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, ज्याच्या शेजारचा माणूस प्लेगने मरतो आहे, आणि ज्याला विचारणारा साहेब तुरुंग चालवणाऱ्या सरकारचाच आहे, त्याच्या 'हो' चं वजन किती? आम्ही त्या कैद्यांना भित्रे किंवा फसलेले म्हणणार नाही. कदाचित तो त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय असेल. आकडे तर तेच सांगतात. पण आज जगभरच्या नियमांत कैद्यांना 'विशेष संरक्षण हवे असलेला गट' मानतात, त्याचं कारण हेच आहे. निर्णय बरोबर निघाला म्हणून तो मोकळेपणाने घेतलेला होता असं होत नाही.

दुसरी अडचण शास्त्राची. जे पुढे आले ते कदाचित मुळातच तब्येतीने धडधाकट असतील. मग वाचले ते लशीमुळे की तब्येतीमुळे? ही शंका घेतली जाणार हे उघड होतं. पुढच्या वर्षी, १८९८ च्या जानेवारीत, उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा पद्धत बदलली. कैद्यांना ओळीने बसवलं आणि एक सोडून एकाला लस टोचली. न टोचलेल्या १२७ पैकी १० आजारी पडले, ६ गेले. टोचलेल्या १४७ पैकी ३ आजारी पडले, एकही गेला नाही. पुरावा आता जास्त भक्कम झाला. पण बघा काय झालं ते : भायखळ्यात निदान विचारलं होतं, इथे कैदी ओळीत कुठे बसला यावर ठरलं. पुरावा जसा पक्का होत गेला तसा माणसाचा शब्द मागे पडला. या सगळ्या इतिहासातला खरा ताण हाच आहे, आणि तो आजही संपलेला नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बडोदा संस्थानात, शहराजवळच्या उंढेरा गावात, चाचणी तुरुंगाबाहेर आली. गावात प्लेग होता. कुटुंबवार लोकांना गोळा केलं आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना लस टोचली. एकच घर, एकच चूल, एकच उंदीर. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांचा हिशेब असा : टोचलेले ७१, त्यांपैकी ८ आजारी, ३ मृत्यू. न टोचलेले ६४, त्यांपैकी २७ आजारी, २६ मृत्यू.

हे आकडे वैद्यकाच्या इतिहासात कौतुकाने सांगतात, आणि तुलना खरोखरच सुबक आहे. पण ही माणसं एकमेकांची भावंडं होती, नवराबायको होती, सासूसून होती. ते २६ जण 'तुलनेचा गट' होते हे त्यांच्या घरच्यांना त्या शब्दांत ठाऊक असायचं कारण नव्हतं. आज आपण कुठलीही लस घेतो तेव्हा अशाच कोणाच्या तरी घरच्या सुतकावर उभे असतो, एवढं तरी आपण लक्षात ठेवू.

मग आला १९०२ चा ऑक्टोबर. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. हाफकिनच्या लशीची मोठी मोहीम चालू होती. ३० ऑक्टोबरला तिथे १०७ जणांना लस टोचली, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. सरकारी चौकशीने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं, हाफकिनना पद सोडावं लागलं. पुढे कागद नीट तपासले गेले तेव्हा कळलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली. त्यांच्यावरचा ठपका गेला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. तीच आपली हाफकिन संस्था.

इथे आपण नेहमी हाफकिनवर झालेल्या अन्यायाबद्दल बोलतो, आणि तो झालाच. पण मुल्कोवालची एकोणीस घरं आपण पटकन ओलांडून जातो. इजा झाली तर जबाबदार कोण, आणि घरच्यांना काय मिळणार, हा प्रश्न तेव्हा नियम म्हणून कोणी लिहून ठेवलेला नव्हता.

आता थोडी उडी मारू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, अहवाल आला १९४८ मध्ये. रुग्ण १०७. कोणाला औषध मिळणार हे आधीच बंद केलेल्या लिफाफ्यांतून ठरायचं, म्हणजे डॉक्टरांचीही निवड नाही. आजच्या चाचण्यांचा हा मूळ नमुना. औषध मुळातच इतकं कमी होतं की सगळ्यांना पुरणार नव्हतं, मग चिठ्ठी टाकणंच न्याय्य, असा युक्तिवाद होता. तो पटण्यासारखाही आहे. पण ज्यांना फक्त बिछान्यावरची विश्रांती मिळाली, त्यांना आपण अशा चाचणीत आहोत हे सांगितलंच नव्हतं. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नव्हे, नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर न्युरेंबर्गची संहिता १९४७ मध्येच लिहिली गेली होती. माणसाची स्वेच्छेची संमती हे तिचं पहिलंच कलम.

भारतातली चाचणी मद्रासची. १९५६ साली क्षयरोगाच्या १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकूनच विभागणी झाली. काहींना सॅनेटोरियममध्ये दाखल केलं, काहींना तीच औषधं घरी दिली. घरी म्हणजे कुठे? गरीब वस्तीत, दाटीत, अपुऱ्या जेवणावर. सगळ्यांना वाटत होतं की घरचे रुग्ण मागे पडणार. १९५९ मध्ये निकाल आला : औषध नियमित घेतलं तर घरचा उपचार जवळजवळ तितकाच चालतो, आणि घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण होते असंही दिसलं नाही. मिरज, पाचगणी इथली सॅनेटोरियमं आपल्या आधीच्या पिढीला माहीत होती, आणि तिथली खाट परवडणारे किती होते तेही माहीत होतं. मद्रासच्या त्या रुग्णांमुळे जगभर क्षयाचा उपचार घरी आला. ज्यांच्यावर चाचणी झाली त्यांच्यासारख्याच गरिबांना तिचा फायदा मिळाला. चांगल्या चाचणीची आमची कसोटी हीच आहे.

उलट उदाहरणही आपल्याकडचंच. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस एका अभ्यासात देण्यात आली. काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लशीशी संबंध नसावा असं चौकशीत निघालं. पण त्याच चौकशीत दुसरं काही बाहेर आलं : वसतिगृहातल्या कित्येक मुलींची संमतीपत्रं आईवडिलांनी नव्हे तर वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी भरलेली होती. अभ्यास थांबला. नुकसान त्या लशीचंही झालं. एका चांगल्या लशीभोवती संशय उभा राहिला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. संमती घाईत उरकली की शास्त्रालाही त्याची किंमत मोजावी लागते.

यानंतर संसदीय समितीचा अहवाल आला, सर्वोच्च न्यायालयात याचिका चालल्या, आणि २०१९ मध्ये नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम आले. औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्या सीटीआरआयमध्ये नोंदवणं २००९ पासूनच सक्तीचं होतं. आणि २०१८ पासून नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते. तीही सरकारी हौस नव्हे. नकोसा निकाल आला की चाचणी झालीच नव्हती असं कोणी दाखवू नये, म्हणून ती अट.

तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणाच्या घरी डॉक्टर म्हणाले, 'एक ट्रायल चालू आहे, घ्यायचं का बघा', तर घाबरून उठू नका आणि लगेच सहीही करू नका. हाच इतिहास पाच प्रश्न होऊन विचारा. मी नाही म्हटलं तर माझे आत्ताचे उपचार तसेच चालू राहतील ना? हा भायखळ्याचा प्रश्न. मला कुठल्या गटात टाकणार, आणि ते कोण ठरवणार? हा उमरखाडीचा आणि उंढेऱ्याचा. मला इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाकडून? हा मुल्कोवालचा. हे औषध उपयोगी निघालं तर माझ्यासारख्यांना ते परवडेल का? हा मद्रासचा. आणि हा कागद माझ्या भाषेत आहे का, घरी नेऊन दोन दिवस वाचू द्याल का? हा खम्ममचा. नियमाप्रमाणे मधेच बाहेर पडायचा हक्कही आपल्याला आहे, आणि कारण सांगायची गरज नाही.

या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर जरूर सहभागी व्हा, असंच आम्ही म्हणू. कारण कोणीच रांगेत उभं राहिलं नाही तर औषधं यायची थांबतील. आणि फक्त नाइलाज असलेलेच उभे राहिले तर आपण अजून उमरखाडीतच आहोत, एक सोडून एक.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.