पासपोर्ट मिळाला, व्हिसा कोणता घ्यावा?

पासपोर्ट आपले सरकार देते, व्हिसा परके सरकार देते. एवढा फरक बहुतेकांना ठाऊक असतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतील अभियंते व कामगार अडखळतात ते त्यापुढील तपशिलात.

पासपोर्ट १९६७ च्या कायद्यान्वये दिला जातो. प्रौढांसाठी त्याची मुदत १० वर्षे असते. ३६ पानी पुस्तिकेचे शुल्क १,५०० रुपये आणि ६० पानीचे २,००० रुपये आहे. कामानिमित्त वारंवार जाणाऱ्याने मोठी पुस्तिका घेणेच सोयीचे.

खरा वेळ जातो तो पोलीस पडताळणीत. पूर्वी पिंपरी-चिंचवड पुणे शहर पोलिसांकडे, तर चाकण ग्रामीण पोलिसांकडे होते. १५ ऑगस्ट २०१८ पासून दोन्ही भाग पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहेत. अर्ज देशातील कोणत्याही पासपोर्ट कार्यालयात करता येतो; चौकशी मात्र अर्जातील पत्त्यावरच होते. मराठवाड्यातून वा विदर्भातून येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. नोंदणीकृत भाडेकरार किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचे शिक्क्यासह पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालते.

दहावी उत्तीर्ण असूनही प्रमाणपत्र न जोडल्यास पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा पडू शकतो. मग सौदी अरेबिया, कुवेत, कतार यांसारख्या देशांत नोकरीसाठी निघताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली आगाऊ परवानगी घ्यावी लागते. एका कागदाच्या आळसापायी ओढवणारी ही दगदग आहे.

व्हिसाच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. जर्मनीतील मूळ कंपनीत बैठकीस जाणे, खरेदी करावयाचे यंत्र पाहणे, प्रदर्शनास हजर राहणे यासाठी शेंगेन व्यावसायिक व्हिसा पुरतो. तेथील उत्पादनाच्या कामावर रुजू व्हायचे असेल तर रोजगाराचा व्हिसा लागतो. निमंत्रणपत्रात एक कारण आणि प्रत्यक्षात दुसरे काम, हे उघड झाल्यास परत पाठवणी होते, पुढील अर्जांवरही सावट येते. ‘कंपनीने पाठवले’ हे उत्तर तेथे ग्राह्य धरले जात नाही. स्वाक्षरी अर्जदाराची असते. त्यामुळे कंपनीच्या एजंटाने भरलेला अर्जही स्वतः वाचावा.

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. हे दिवस मागे मोजत जायचे असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, लीप नसलेल्या वर्षी कोणी १ जानेवारीपासून ४० दिवस आणि १ एप्रिलपासून ५० दिवस तेथे राहिला. २० मे रोजी त्याचे ९० दिवस भरले. आता ३० जूनपूर्वी त्याला पुन्हा प्रवेश नाही. येण्याजाण्याचे दिवसही यात धरले जातात. परतीच्या नियोजित तारखेनंतर पासपोर्टची किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी आणि तो दहा वर्षांच्या आत दिलेला हवा. अन्य अनेक देश सहा महिन्यांची मुदत मागतात.

अमेरिकेचा व्यावसायिक व्हिसा दहा वर्षांचा मिळाला, तरी तेवढा काळ राहण्याची ती परवानगी नव्हे. प्रत्येक खेपेस किती दिवस राहायचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. परतीचे तिकीट काढताना त्याने नोंदवलेली तारीखच पाहावी.