काढून टाकली तेव्हा कळली: मायकोरायझाची गोष्ट

कृषी सेवा केंद्रात हल्ली डाळिंब-द्राक्षवाले ‘मायकोरायझा’ मागतात. ग्रीकमध्ये मायको म्हणजे बुरशी, रायझा म्हणजे मूळ. आज या नावाचा इतिहास.

प्रशियाच्या सरकारला हवी होती ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी. तिची लागवड करता येईल का, हे बघायचं काम आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आलं. त्याला झाडांच्या मुळांभोवती बुरशीचं अस्तर दिसलं. 1885 मध्ये त्याने त्याला हे नाव दिलं आणि म्हणाला, हा रोग नाही, ही बुरशी झाडाला जेवू घालते. अनेकांना पटेना. मग त्याने पाइनची रोपं निर्जंतुक केलेल्या मातीत आणि साध्या मातीत लावून बघितली. साध्या मातीतली, बुरशीवाली रोपं सरस निघाली.

फळझाडांपर्यंत हा विषय नेला बार्बरा मॉसे यांनी, इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग केंद्रात. ही बुरशी वेगळ्या जातीची, मुळाच्या पेशींच्या आत शिरणारी. 1957 मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये सफरचंदाच्या रोपांची तुलना छापली. बुरशी असलेली रोपं नुसती जोमदार नव्हती, त्यांच्यात तांब्यासारखी द्रव्यंही जास्त होती. पुढे एका बुरशीला त्यांच्यावरून ‘मॉसी’ हे नाव मिळालं.

आता खरी गंमत बघा. अमेरिकेत लिंबूवर्गीय फळांच्या रोपवाटिकांत रोग आणि सूत्रकृमी मारायला मातीला विषारी धुरी द्यायचे. माती एकदम स्वच्छ, पण रोपं खुजी आणि पिवळी! आम्ही प्रोग्रामर लोक निरुपयोगी वाटलेली ओळ काढतो आणि भलतंच काही बंद पडतं, तसंच हे. 1972 मध्ये क्लाइनश्मिट आणि गेर्डेमन यांनी कारण दाखवलं: धुरीत मायकोरायझाही मेली होती. ती परत दिल्यावर रोपं सुधारली.

का? स्फुरद मातीत फारसं सरकत नाही. मुळाजवळचं संपलं की मूळ उपाशी. बुरशीचे बारीक धागे लांबून ते आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात.

म्हणून पुडा आणण्याआधी एक बघा: आपण स्फुरदाचा मारा तर करत नाही ना? फुकट भरपूर मिळालं की झाड या बुरशीला फारसं विचारत नाही. आणि मुळाशी ओतलेलं बुरशीनाशक मित्र-शत्रू ओळखेलच असं नाही.

भेटू पुढच्या भागात!