काबूलची बुराक, नाव पर्शियन

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वस्तीत एखाद्या खिडकीत झुपकेदार शेपटीचं, बसक्या नाकाचं मांजर दिसलं, की त्याची ओळख एकाच शब्दात सांगितली जाते: पर्शियन. छत्तीसगढीत मांजराला बिलई म्हणतात, मराठी घरात ती मनी होते; हे मांजर मात्र पर्शियनच राहतं. हे नाव चुकीचं आहे असं दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणारा माणूस मराठी वाचकाला परका नाही. रायपूर ज्यांच्या राज्यात होतं, त्या नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी तो इंग्रजांचा रेसिडेंट होता.

तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला. त्याआधी, १८०४ ते १८०८, त्याचा मुक्काम नागपुरात होता. तिथून कंपनीने त्याला अफगाणांच्या शाह शुजाकडे वकील म्हणून धाडलं आणि १८०९ मध्ये तो पेशावरला पोहोचला. या सफरीवरचा त्याचा काबूल राज्याचा ग्रंथ १८१५ साली निघाला. त्यात तिथल्या घोड्या-उंटांसोबत मांजराचीही दखल आहे. लांब केसांच्या या मांजराला तिकडे बुराक म्हणतात, ती मोठ्या संख्येने परदेशी विकली जाते आणि जिकडेतिकडे पर्शियन म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात इराणात ती फारशी आढळत नाही आणि तिथून बाहेर तर क्वचितच जाते, असं त्याचं म्हणणं. एवढा राजकारणी मनुष्य तहाच्या वाटाघाटींतून मांजराच्या व्यापाराकडे लक्ष देतो, याचं खरोखर कौतुक वाटतं.

इराणचं नाव चिकटलं ते त्याच्याही आधी. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२० मध्ये इस्फहानला होता. रेशमासारख्या मऊ, निळसर करड्या केसांच्या मांजरांचं त्याने पत्रात वर्णन केलं आणि त्यांचं मूळ खोरासान असल्याचं सांगितलं. काही जोड्या रोमला न्यायचा त्याचा बेत होता. पुढे हाच प्रवासी १६२३-२४ मध्ये आपल्या चौल-गोव्याकडेही येऊन गेला. जुन्या खोरासानात आजच्या अफगाणिस्तानातलं हेरातही येत असे. म्हणजे देल्ला वाल्ले आणि एल्फिन्स्टन, दोघांचं बोट जवळपास एकाच दिशेला आहे.

तो निळसर करडा रंग या जातीची पहिली ओळख ठरला. आपण त्याला राखाडी म्हणू. मांजरांचे शौकीन आजही त्याला ‘निळा’च म्हणतात. मूळ काळा रंग एका जनुकामुळे फिका पडला की हा निळा तयार होतो. मराठ्यांच्या फौजेत घोड्यांच्या रंगांना अबलख, कुमाईत, पंचकल्याणी अशी एकेक नावं होती. मांजराच्या वाट्याला काळी, पांढरी, करडी, कबरी एवढंच आलं. मांजराच्या रंगांची बारीक मोजदाद झाली ती इंग्लंडात.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअरने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. प्रदर्शन आलं की बक्षीस आलं, आणि बक्षिसासाठी रंगांचे वेगळे गट आले. केसांच्या फक्त टोकांना काळसर छटा असलेली रुपेरी ‘चिंचिला’ १८८० च्या दशकात इंग्लंडातच घडवली गेली. १८९४ मध्ये तिला स्वतंत्र गट मिळाला. आज अमेरिकेतली मांजरशौकिनांची संस्था सीएफए पर्शियनचे सात रंगविभाग मानते.

त्यातल्या एकाचं नाव ‘हिमालयन’ आहे, आणि हिमालयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर आणि व्हर्जिनिया कॉब यांनी सयामी आणि पर्शियन यांचा संकर केला. अंग फिकट, कान, तोंड, पाय आणि शेपूट तेवढी गडद. अशाच रंगाच्या सशाला ‘हिमालयन’ म्हणत, तेच नाव मांजराला मिळालं. या रंगामागचं विकर, म्हणजे एन्झाइम, उष्णतेने निकामी होतं. म्हणून शरीराचा थंड भाग काळा पडतो आणि ऊबदार भाग फिकट राहतो. उष्ण हवेत वाढलेल्या अशा मांजराचा एकूण रंगही उजळ राहतो. तेव्हा मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या रायपूरच्या उन्हात त्याचे गडद भाग फिकटले, तर त्याला आजार समजू नये. काळजी घ्यावी ती उन्हाची. दाट केस आणि बसकं नाक असलेल्या जनावराला ही हवा मुळीच सोसत नाही.

आणि मूळ गाव? २००८ साली लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या मांजरांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले. आजची पर्शियन मांजरं पश्चिम आशियातल्या नव्हे, तर पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या जवळची निघाली.